रेस्तितूताने घंटा थांबवली नाही

स्पेनच्या डोंगरातल्या आमच्या फुएन्तेलोबो गावात मूल जन्माला आलं की नावासाठी कोणी डोकं खाजवत नसे. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायचं, त्या दिवशी ज्या संताचा मान असेल त्याचं नाव ठेवून मोकळं व्हायचं. त्यामुळे आमची नावं अशी, की सोरिया शहराच्या बाजारात उच्चारली तरी दुकानदार तोंडावर हात धरतात. रेस्तितूता ही त्यातलीच. ती म्हणायची, "आईनं अजून थोडी कळ काढली असती तर बरं नाव मिळालं असतं. पण आमच्या घरात धीर कोणालाच नाही."

सगळं गाव तिला रेस्तीमावशी म्हणायचं. मी कासिल्दा. चौकातला बार माझा आहे; नवरा गेल्यापासून एकटीच चालवते. बारवाल्या बाईला गावातलं सगळं कळतं आणि त्यातलं थोडंच बोलायचं असतं. पण रेस्तीमावशीची गोष्ट मी कोणी विचारलं तरी सांगते, न विचारता पण सांगते. माझ्या डोळ्यांनी पाहिली नसती तर मीसुद्धा म्हटलं असतं, चल, काहीतरीच.

बाई दिसायला एवढीशी. काळा झगा, काळी शाल, कमरेला ॲप्रन, अंग वाळलेल्या द्राक्षवेलीसारखं पिळदार. मनगटं मात्र लोहाराची. लहानपणापासून ती बापाबरोबर चर्चच्या मनोऱ्यावर चढायची. बाप अबुंदियो गावाचा घंटावाला. मनोऱ्यात दोन घंटा आहेत. एक लहान, मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची. दुसरी मोठी, तिला आम्ही 'जाडी' म्हणतो. जाडीचा आवाज डोंगराच्या पलीकडे जातो. आग लागली तर तिचा ठोका वेगळा, गारपीट येणार असेल तर वेगळा, कोणी मेलं तर वेगळा, आणि धुक्यात-बर्फात कोणी वाट चुकलं तर अगदीच वेगळा. पूर्वी सगळ्या गावाला हे ठोके ओळखू यायचे. आता निम्मं गाव बिल्बाओला आणि बार्सेलोनाला कारखान्यात. त्यांना फक्त जेवणाची वेळ ओळखू येते.

अबुंदियो गेला तेव्हा रेस्ती कोवळी पोर होती. मी तर जन्मलेही नव्हते. हे मला आईनं सांगितलं. थंडीचे दिवस. शवपेटी चौकात आणून ठेवली. गावानं टोप्या काढल्या. पाद्री एर्मोखेनेस चर्चच्या दारात उभे. घंटा वाजली की पेटी उचलायची, ही रीत. पण वाजवणार कोण? वाजवणारा तर पेटीत.

"रेस्ती वाजवेल," कोणीतरी म्हणालं.

"बाईमाणसानं घंटेला हात लावायचा नाही," पाद्री एर्मोखेनेस म्हणाले. त्या काळी पाद्रीच्या शब्दापुढे अल्कालदेसुद्धा, म्हणजे आमचा गावप्रमुखसुद्धा, तोंडातून ब्र काढत नसे.

गावानंही काढला नाही. वाद घातला नाही, ओरडा नाही. आणि आम्ही तर मीठ कमी पडलं तरी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारी माणसं! सगळे नुसते उभे राहिले. पेटी कोणी उचलेना. वारा सुरीसारखा. म्हाताऱ्या कुडकुडताहेत, पोरं आयांच्या झग्यात शिरलीत, पण कोणी हलेना. बऱ्याच वेळानं एक म्हातारी एवढंच म्हणाली, "पाद्रीबाबा, अबुंदियोनं आमच्या सगळ्यांच्या आईबापांना पोचवलं. त्याला मुक्यानं धाडायचं?"

पाद्री एर्मोखेनेसनी आभाळाकडे बघितलं. हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. खिशातून मनोऱ्याची किल्ली काढली, दाराच्या कुलपात अडकवून ठेवली आणि आत निघून गेले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

रेस्ती वर गेली आणि तिनं बापाला पोचवलं. आई सांगायची, त्या दिवशी जाडी रडली नाही, ती ताठ उभी राहून बोलली. त्यानंतर किल्ली परत मागायला कोणी आलंच नाही. ती रेस्तीच्या ॲप्रनच्या खिशात राहिली ती राहिलीच.

लग्न तिनं केलं नाही. कोंबड्या, भाजीचा मळा, घंटा आणि भांडण, यात आयुष्य भरलेलं. तिच्या हातून फुकट मिळालेल्या टोमॅटोलाही शिवी चिकटलेली असायची. "घे, तुझ्या मळ्यात तर दगडच पिकतात." आभार मानायला गेलं की फणकारायची, "आभार देवाचे मान. मला काय करायचेत?"

आणि ती पत्ते खेळायची. रविवारी मिस्सेनंतर बारमध्ये वेर्मूत वाइनचा एक घोट, मग घरी जेवण, आणि जेवणानंतर परत बारमध्ये पत्ते. पुरुषांच्या टेबलावर बसून खेळणारी बाई आमच्या पंचक्रोशीत ती एकच. खेळायचीही अशी, की समोरच्याला घाम फुटावा. टेबलावर मूठ आपटून पान टाकायची. माझे ग्लास उड्या मारायचे.

माकारियो तिचा शेजारी. दोघांच्या घरांची मधली भिंत एकच. तो मेंढपाळ, सहा फूट उंच, बोलायला कंजूस, मानाला मात्र भारी हळवा. आमच्याकडे माणूस भाकरीवाचून दोन दिवस काढेल, पण कोणी मान ठेवला नाही तर एक तास काढणार नाही. माकारियो आणि रेस्ती, दोघंही त्या बाबतीत एकाच दगडातून काढलेली.

माझं नवीनच लग्न झालेलं, तेव्हाचा एक रविवार. डाव रंगात आलेला. शेवटी पानं मोजली तर सोन्याच्या नाण्यांचा एक्का, आमच्या पत्त्यांतलं भारी पान, गायब. माकारियो हरत होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "बाईच्या ॲप्रनला खिसे फार असतात."

रेस्ती उठली. टेबलापाशी उभी राहून तिनं ॲप्रन सोडला, खिसे उलटे केले. मनोऱ्याची किल्ली, एक रुमाल, कोंबड्यांसाठी ठेवलेले पावाचे तुकडे. सगळं टेबलावर ठेवलं. मग एकेक परत खिशात घातलं, ॲप्रन बांधला, शाल डोक्यावरून घेतली आणि गेली.

रात्री झाडताना एक्का मला सापडला. माकारियोच्याच बाकड्याच्या फटीत उभा अडकून बसलेला. दुसऱ्या दिवशी तो कॉफीला आला तेव्हा मी एक्का त्याच्या बशीशेजारी ठेवला. त्याचे कान लालभडक झाले.

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय? जाऊन सांग तिला."

"सांगीन."

सांगितलं नाही. एक दिवस गेला, मग दुसरा, मग सांगणं आणखी अवघड झालं. एक्का सापडला हे दुपारपर्यंत गावभर झालं होतं. रेस्तीला तर माझ्या सासूनंच सांगितलं. म्हणजे तिनं चोरी केली नाही हे तिला ठाऊक, त्याला ठाऊक, गावाला ठाऊक. पण ते त्याच्या तोंडून यायला हवं होतं. ते येईना आणि तिचं तोंड उघडेना. अशी वीसेक वर्षं गेली. मधे एक भिंत, आणि एक शब्द नाही.

मात्र कोणी याला हाडवैर म्हणू नये. वैराचीही आमच्याकडे रीत असते. रेस्ती बारमध्ये यायची, माकारियो हातभर अंतरावर बसलेला असायचा, आणि ती मला सांगायची, "कासिल्दा, कोणाला तरी सांग, त्याच्या छपराचं कौल सरकलंय. पाऊस आत जाईल."

तो ग्लासात बघून म्हणायचा, "कासिल्दा, कोणाला तरी सांग, कौल माझं आहे."

"कासिल्दा, त्या कोणाला तरी सांग, कौल त्याचं असलं तरी भिंत माझी पण आहे."

दुसऱ्या दिवशी कौल नीट झालेलं असायचं.

हिवाळ्यात डुक्कर मारलं की रेस्ती रक्ताच्या सॉसेजची बशी माझ्याकडे द्यायची. "शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेव. कोणी दिलं विचारलं तर मांजरानं आणलं म्हण." माकारियोकडून मग चीजचा गोळा यायचा. तोसुद्धा मांजरच आणायचं. आमच्या गावचं मांजर फार कामसू.

माकारियोची बायको लेओनिला अंथरुणाला खिळली तेव्हा तो मेंढ्या घेऊन डोंगरात असायचा. पोरं शहरात. रोज दुपारी, सगळं गाव पडदे ओढून झोपलेलं असताना, रेस्ती लेओनिलापाशी बसायची. तिचे केस विंचरायची, सूप भरवायची, गावाच्या चहाड्या सांगून हसवायची. संध्याकाळी गल्लीच्या टोकाला मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या की मागच्या दारानं निघून जायची. घर झाडलेलं कसं, चूल पेटलेली कशी, हे माकारियोनं बायकोला कधी विचारलं नाही. लेओनिला गेली, तेव्हा दफनानंतर अख्खं गाव रांगेनं त्याच्यापुढून सरकलं. रेस्तीची पाळी आली. ती थांबली. तिनं मान खाली केली, त्यानंही केली. दोघांचे डोळे भरलेले, पण ती तशीच पुढे सरकली. मला तेव्हा वाटलं, आता मेल्याशिवाय ही दोघं बोलत नाहीत.

मग तो जानेवारी आला.

सान आन्तोनच्या सणाचा आठवडा. सणाच्या रात्री चौकात मोठी शेकोटी पेटवतात, तिची लाकडं रचून ठेवलेली. सकाळ काचेसारखी स्वच्छ. माकारियोच्या काही मेंढ्या वरच्या गोठ्यावर होत्या आणि व्यायला आलेल्या. त्यांना खाली आणायला तो कुत्रा घेऊन उजाडताच निघाला. जाताना बारमध्ये कॉफी घेतली. मी म्हटलं, "डोंगरानं ढगाची टोपी घातलीय, काका."

"टोपीच आहे. अजून कोट नाही घातला," तो म्हणाला आणि गेला.

दोन-तीन तासांतच डोंगरानं कोट घातला. आधी वारा आला, मग ढग खाली उतरला, मग बर्फ. असा बर्फ मी ना आधी पाहिला ना नंतर. वरून पडत नव्हता, सगळीकडून फेकल्यासारखा येत होता. दारातून बघितलं तर चौकातलं कारंजं दिसेना. वीज गेली. टीव्ही मेला. आमचा अल्कालदे पोन्स्यानो मदतीसाठी बारमधल्या फोनवरून सोरियाला ओरडत होता; तिकडून उत्तर आलं, खिंड बंद आहे, वारा पडल्याशिवाय कोणी वर येऊ शकणार नाही. मग लाइन पण गेली. गावातले पुरुष कमरेला दोर बांधून निघाले. मळणीच्या खळ्यापर्यंत गेले आणि परत आले. पोन्स्यानोच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. "स्वतःचा हात दिसत नाही," तो म्हणाला. "पुढं गेलो तर एकाच्या जागी सहा शोधावे लागतील."

तेवढ्यात दार ढकलून रेस्तीमावशी आत आली. त्या वेळी तिनं सत्तरी ओलांडलेली होती.

ती सरळ माझ्याकडे आली. "मेंढ्या आल्या?"

"नाही, मावशी."

"कुत्रा?"

"नाही."

तिनं फळीवरच्या अनीसच्या, म्हणजे बडीशेपेच्या दारूच्या, बाटलीकडे बोट केलं. "ही दे थोडी." उभ्या जन्मात मी तिला अनीस पिताना पाहिलं नव्हतं. एका घोटात ग्लास रिकामा केला, पावाचा तुकडा खिशात टाकला. माझे लोकरीचे हातमोजे मी पुढे केले.

"ठेव तुझ्याकडे. हातमोज्यातून दोर कळत नाही."

ती गेली. थोड्या वेळानं जाडी बोलायला लागली.

तीन सावकाश ठोके. मग थांबायचं, माणूस उभा राहून कान देईल एवढं. मग एक ठोका, मोठा. परत थांबायचं. परत तीन. हा चुकलेल्याचा ठोका. मी तो लहानपणी एकदाच ऐकला होता. बर्फ आवाज गिळत होता. चौकातच तो ओल्या घोंगडीखालून आल्यासारखा वाटत होता. डोंगरावर काय पोचत असेल, देव जाणे.

जेवणाची वेळ झाली. कोणी घरी गेलं नाही. आमच्या गावात युद्ध चालू असतानाही लोक दुपारचं जेवण चुकवत नव्हते असं म्हातारे सांगतात. त्या दिवशी एकाही घरात ताट मांडलं गेलं नाही. बायका शाली घेऊन मनोऱ्याच्या पायथ्याशी आल्या. पुरुष भिंतीला पाठ लावून उभे राहिले. एरवी चारजण जमले की आम्ही एकाच वेळी बोलतो. तेव्हा कोणी बोलत नव्हतं, कारण ठोक्यांच्या मधल्या शांततेत सगळे कान डोंगराकडे लागलेले.

मी गरम रस्सा किटलीत घेऊन मनोऱ्यावर चढले. पोन्स्यानो माझ्या मागे. वरच्या कमानी उघड्या, वारा आरपार. बर्फ तिच्या खांद्यांवर साचलेला, शालीला बर्फाचा काठ आलेला. तिनं दोर दोन्ही मनगटांना गुंडाळला होता आणि एक पाय समोरच्या दगडाला रेटून उभी होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मला वाटलं, जपमाळ म्हणतेय. मी जवळ गेले, कान लावला.

"डावीकडे ये, गाढवा. डावीकडे. ओढ्याकडे उतरू नकोस, मेल्या. तिथं बर्फाखाली पाणी आहे. ऐकतोयस का? कधी कोणाचं ऐकलंस तू? डावीकडे."

आणि ठोका.

मी पायरीवरच बसले. मला रडू येत होतं की हसू, ते मला आजही सांगता येणार नाही.

पोन्स्यानो म्हणाला, "मावशी, पुरे आता. आम्ही आळीपाळीनं ओढतो. तू खाली चल."

तिनं डोळे उघडले नाहीत. "हात बदलला की आवाज बदलतो. तो गाढव थांबेल. त्याला वाटेल ही दुसऱ्याच गावची घंटा."

"पण तुझे हात बघ!"

"हात माझे आहेत. तू खाली जा, शेकोटी मोठी कर. आणि टोपी घाल, टक्कल गारठलं तर गाव कोण चालवणार?"

मी ठोक्यांच्या मधे किटली तिच्या ओठांना लावायचे. ती एक घोट घ्यायची, ठोका द्यायची, मग दुसरा घोट. दोराला लाल डाग पडलेले मी पाहिले. मी त्या बाईला जन्मापासून ओळखत होते, तिच्या शिव्या खात मोठी झाले होते; आणि त्या वेळी मला तिच्याकडे मान वर करून बघायला संकोच वाटत होता, जसा वेदीपुढे वाटतो.

दिवस कलायला लागला. एकदाही ठोका चुकला नाही. लय जराशी मंदावली, एवढंच. पण मंदावली ती सुद्धा सगळी सारखी, थकलेल्या माणसाच्या चालीसारखी. रस्सा संपला तशी मी खाली आले. चौकात शेकोटी पेटली होती. सणाची लाकडं सगळी त्यातच गेली.

आधी कुत्रा आला. मग त्या पांढऱ्यातून गळ्यातल्या घंटांची किणकिण, इतकी बारीक की आम्ही एकमेकांकडे बघितलं. खरंच वाजतंय की भास? मग ढगाचे तुकडे सुटून चालत यावेत तशा मेंढ्या. आणि सगळ्यांच्या मागे काठीवर अंग टाकून, एक पाय ओढत, माकारियो. दाढीचा बर्फ झालेला. सगळे धावले. त्याला उचलायला गेलो तर त्यानं हात झटकले.

"आधी त्यांना आत घ्या," तो मेंढ्यांकडे बोट करून म्हणाला.

आणि वर जाडी वाजतच होती.

पोन्स्यानोनं मनोऱ्याखालून तोंडाला हात लावून हाक मारली. "मावशी! आला! सुखरूप आला! थांबव आता!"

तीन ठोके.

"मावशी, मी माझ्या डोळ्यांनी बघतोय!"

वरून आवाज आला, चिरका, फाटलेला. "तुझ्या डोळ्यांचा काय भरवसा? त्याला बोलू दे."

आणि एक ठोका, मोठा.

सगळं गाव माकारियोकडे बघायला लागलं. तो तिथंच उभा होता. कोणीतरी अंगावर घोंगडी टाकली होती. त्याला आधार देऊन बारमध्ये न्यायला मी हात पुढे केला, पण त्यानं मान हलवली. लंगडत मनोऱ्याच्या पायथ्याशी गेला. वर बघितलं.

"रेस्तितूता!" तो ओरडला. वीस वर्षांत पहिल्यांदा. "बस कर! कान फुटले आमचे!"

ठोका पडला नाही. "कोण ओरडतंय?"

"तुला माहितेय कोण."

"वरून काही दिसत नाही. नाव सांग."

तो म्हातारा ताठ झाला. बर्फानं भरलेली टोपी डोक्यावरून काढली, जशी न्यायाधीशापुढे काढतात. "माकारियो कालोंखे लाफुएन्ते," त्यानं बापाचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लावून सांगितलं.

"तो माकारियो माझ्याशी बोलत नाही," वरून उत्तर आलं.

माकारियोचा जबडा हलत होता. ज्या माणसानं दिवसभर मरण अंगावरून झटकलं, त्याला कबुलीची दोन वाक्यं डोंगरापेक्षा जड झालेली मी पाहिली.

"एक्का माझ्या बाकड्यात होता!" तो ओरडला. "तू घेतला नव्हतास! मी हरत होतो म्हणून बोललो! ऐकलंस? सगळ्या गावानं ऐकलंय आता!"

मग जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. ती दारात आली. काळ्या झग्यावर पांढरा बर्फ, हात पुढे धरलेले, बोटं मिटलेली. दोर नव्हता, तरी मूठ दोराचीच.

तिनं त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं. "ओढ्यात पाय घातलास ना? तुला डावीकडे म्हणून सांगत होते."

"तिथून मला ऐकू येणार होतं होय?"

"कधी ऐकलंस तू?"

आणि दोघं बारकडे निघाली. तो लंगडत, ती हात पुढे धरून, आणि दोघंही भांडत. त्यांच्या मागून सगळं गाव चाललं. आमच्यापैकी एकानंही टाळी वाजवली नाही की जयजयकार केला नाही. रांगेनं, गुपचूप चाललो होतो. मिरवणुकीत मूर्तीमागून चालतात तसे.

बारमध्ये मी लसणीचं सूप वाढलं. रेस्तीच्या बोटांना चमचा धरवेना. मी पुढे झाले, तर माकारियोनं मला डोळ्यानंच थांबवलं. त्यानं तिच्याकडे न बघता तिच्या वाडग्यात पाव कुस्करला, तो मऊ होईपर्यंत थांबला, आणि चमचा भरून टेबलाच्या कडेवर, तिच्या तोंडाला येईल असा धरला. तीही दुसरीकडे बघतच जेवली.

"मीठ कमी आहे, कासिल्दा," ती म्हणाली.

नंतर कोणीतरी माकारियोला विचारलं, "काका, एवढ्या वादळात वाट कशी सापडली?"

"सापडली कुठं? मी तर बसलो होतो. एका खडकाच्या आडोशाला मेंढ्या जवळ घेऊन बसलो. बरं वाटत होतं, झोप येत होती. ती झोप कसली ते मला कळत होतं, पण म्हटलं, असो. तेवढ्यात घंटा ऐकली. आधी वाटलं, कानात वाजतंय. मग त्या मोठ्या ठोक्यात राग ऐकू आला. एवढा राग करून माझ्यासाठी घंटा वाजवणारं जगात एकच माणूस आहे. म्हटलं, आता नाही गेलो तर ही बाई मेल्यावरही मला झोपू द्यायची नाही." त्यानं ग्लास खाली ठेवला. "मग उठलो."

रेस्ती म्हणाली, "उशीर केलास उठायला."

माकारियोच्या त्या पायाची दोन बोटं डॉक्टरनं काढली. रेस्तीची बोटं वसंतापर्यंत पूर्ण उघडली नाहीत. उजव्या हाताची दोन नंतरही वाकडीच राहिली. पण जराशी धड झाल्यावर पहिल्याच रविवारी दोघं पत्त्यांना आली आणि एकमेकांचे भिडू होऊन बसली. वाकड्या बोटांत पानं धरायची तिची तऱ्हा बघून समोरचे हसले, आणि लगेच हरले. त्यानंतर दोघांची भांडणं इतकी वाढली की मधली वीस शांत वर्षं मला आठवायची आणि बरी वाटायची.

ऑगस्टच्या जत्रेला बिल्बाओ-बार्सेलोनाची मंडळी परतली. त्यांनी ठरवलं, मनोऱ्यावर रेस्तीच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची. तिला कळलं तशी ती भर चौकात पोन्स्यानोवर धावून गेली.

"कशाबद्दल पाटी? शेजाऱ्याला मरू दिलं नाही म्हणून? आणि ज्यांनी कोणाला मारलं नाही, त्यांना काय देणार, पुतळे?"

"मावशी, लोकांना मान द्यायचाय."

"मग संध्याकाळी माझ्या दारात खुर्ची घेऊन या. पाटी वाचायला मला चष्मा लागतो."

आले खरोखरच. उन्हाळ्यात आमच्याकडे जेवण झालं की प्रत्येक जण आपापली खुर्ची रस्त्यावर आणून गारव्याला बसतो. त्या दिवशी सगळ्या गावानं खुर्च्या रेस्तीच्या गल्लीत आणल्या. एवढी माणसं, की गल्लीतून कुत्र्याला जायला जागा नव्हती. कोणी भाषण केलं नाही. तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. टरबूज कापलं, बाळांची, महागाईची, उसण भरलेल्या पाठीची बोलणी झाली. फक्त येणारा प्रत्येक जण आधी तिच्या खुर्चीपाशी जरासा थांबायचा, काही न बोलता, आणि मग आपल्या जागी जायचा. ती म्हणायची, "बस की. उजेड अडवतोस."

त्याच महिन्यात एकदा चर्च झाडायची पाळी माझी होती. रेस्तीनं मला किल्ली दिली आणि वरची कबुतरांची घाण काढून ये म्हणाली. वर गेले. कमानीतून सगळा डोंगर दिसत होता, तो गोठा, तो ओढा, पिवळी पडलेली शेतं. एवढं लांब! मी तिच्या जागी उभी राहिले. दोर हातात घेतला. मी काही नाजूक बाई नाही, दारूची पिंपं उचलते. पाय दगडाला रेटून ओढलं, तर जाडीची लोखंडी जीभ जागची जेमतेम हलली. परत ओढलं, सगळा भार टाकून. कसाबसा एक ठोका पडला, बोबडा. हात झणझणले. दुसरा ठोका द्यायची छाती झाली नाही. आणि तिनं दिवसभर, त्या वाऱ्यात, त्या वयात. मी दोर सोडून तिथंच उभी राहिले. कबुतरं परत येऊन बसली तरी मला हलवेना.

खालून, गल्लीतून तिचा आवाज आला. "कासिल्दा! कोण मेलं गं?"

"कोणी नाही, मावशी!"

"मग नीट झाड!"